दमा आणि वावडे : आमच्या घरचा अभ्यास





दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला आमचा थोरला मुलगा आला नव्हता, आणि आलेल्या धाकटीने कोणाच्याही हातचा तिळगूळ घेतला नव्हता. हे पुष्कळांच्या लक्षात राहिले. एक-दोघांना वाईटही वाटले असेल. तिळगूळ पुढे केल्यावर "नको" म्हणणे हे आपल्याकडे चांगले दिसत नाही. त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही, विषय टाळला. नंतर वर्गातले आणखी तीन-चार पालक हळू आवाजात आम्हाला विचारू लागले, "आमच्याकडेही असेच आहे, तुम्ही काय करता?" तेव्हा बाई म्हणाल्या, "हळू आवाजात कशाला? लिहूनच द्या." म्हणून हा धडा.

आम्ही डॉक्टर नाही. आमचा व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा. म्हणून औषधांची मात्रा वगैरे या लेखात नाही. ती प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावी. आमच्या घरी काय घडले, आमचे काय चुकले आणि आम्ही काय शिकलो, एवढेच येथे सांगतो.

१. आधी शब्द पाहू

'दमा' हा शब्द 'दम' या शब्दाजवळचा. दम म्हणजे श्वास. हा फारसी शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका वाटत नाही. धावल्यावर दम लागतो. घाई करणाऱ्याला आपण "जरा दम धर" म्हणतो. चढावर थांबून दम खातो. आयुर्वेदात श्वासाच्या विकाराचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या 'तमक श्वास' या प्रकाराचे वर्णन दम्याशी पुष्कळ जुळते. म्हणजे हा रोग अमेरिकेत आल्यामुळे झालेला नाही, आणि नवाही नाही.

दुसरा शब्द 'ॲलर्जी'. हा मात्र नवा. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली तयार केला. आपल्याकडे त्यासाठी जुना, सुंदर शब्द आहे : वावडे. "त्याला वांग्याचे वावडे आहे" असे आजी म्हणते. पण एक फरक लक्षात ठेवा. आपण वावडे हा शब्द नावडीसाठीही वापरतो. ॲलर्जी ही नावड नव्हे. धाकटीला शेंगदाण्याचा वास आवडतो. तिच्या शरीराला शेंगदाणा चालत नाही.

२. छातीत काय होते?

आपल्या छातीत एक उलटे झाड आहे. घशातून खाली जाणारी श्वासनलिका हे त्याचे खोड. तिला दोन फांद्या फुटतात, प्रत्येकीला आणखी दोन, असे सुमारे २३ वेळा होते. सर्वांत शेवटी पाने असावीत तसे कोट्यवधी इवलेसे वायुकोश असतात. तेथे हवेतला प्राणवायू रक्तात जातो.

दमा असलेल्या माणसाच्या या नळ्या आतून सुजलेल्या असतात. नेहमी थोड्या, कधी जास्त. त्यांना न मानवणारे काही आत गेले की तीन गोष्टी होतात : नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ सुटतो. तिन्हींमुळे वाट अरुंद होते.

गणिताची आवड असलेल्यांसाठी एक हिशेब. हवा संथपणे वाहत असेल तर नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर अडथळा दुप्पट होत नाही, चौपटही नाही; तो १६ पट होतो. दोनाचा चौथा घात सोळा. म्हणून थोडीशी सूजसुद्धा एवढा त्रास देते. दम्यात श्वास सोडणे हे घेण्यापेक्षा जड जाते. अरुंद वाटेने हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा सूं सूं आवाज येतो.

वावड्याचे काम थोडे वेगळे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी असतात. कधी कधी ते निरुपद्रवी पाहुण्यालाच चोर समजतात : परागकण, धुळीतले किडे, शेंगदाणा. ही चुकीची ओळख शरीर 'आय-जी-ई' नावाच्या प्रतिपिंडात लिहून ठेवते. कामेशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत, आणि स्वतंत्रपणे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी, १९६०च्या दशकात त्याचा शोध लावला. तो पाहुणा पुन्हा आला की काही पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. मग शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, अंगावर गांधी उठणे, आणि क्वचित याहून फार गंभीर प्रकार.

३. जानेवारीतली ती रात्र

ऑस्टिनमध्ये राहणाऱ्यांना सीडरचा ताप ठाऊक आहे. त्यात खरे म्हणजे ताप नसतो, आणि ते झाड सीडरही नाही. ते ज्युनिपर जातीचे आहे. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. डिसेंबर ते फेब्रुवारीत नर झाडे तांबूस दिसू लागतात आणि थंडीची लाट येऊन कोरडा वारा सुटला की पिवळसर परागाचा धुरळा उडवतात. तो इतका दाट असतो की झाडाला आग लागली असे समजून लोक अग्निशामक दलाला फोन करतात. आणि संक्रांत नेमकी याच दिवसांत येते.

आमच्या थोरल्याला पाचव्या वर्षापासून दमा आहे. त्याला दोन पंप दिलेले आहेत. एक रोजचा, सूज कमी ठेवणारा. दुसरा धाप लागली की घ्यायचा, आवळलेले स्नायू सैल करणारा. त्या वर्षी सप्टेंबर, ऑक्टोबर अगदी छान गेले. खोकला नाही, शिट्टी नाही. भारतातून आजी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, एवढ्याशा पोराला रोज दोन वेळा पंप? सवय लागेल त्याला. आपल्याकडे शेवटचा उपाय म्हणून देतात पंप." आम्हालाही मनातून तेच हवे होते. औषधाचा खर्चही होताच. नोव्हेंबरात डॉक्टरांना न विचारता आम्ही रोजचा पंप बंद केला.

आमच्या धंद्यात असे कोणी केले तर आम्ही त्याला मूर्ख म्हणू. यंत्र नीट चालते आहे, मग ते नीट चालवणारा भाग काढून टाकू या, असे कोणी म्हणते का? आम्ही म्हटले.

जानेवारीत थंडीची लाट आली. संक्रांतीला तीन दिवस राहिले होते. संध्याकाळी त्याचा खोकला सुरू झाला. धाप थांबवणारा पंप दिला, थोडे बरे वाटले. अकरा वाजता शिट्टी ऐकू येऊ लागली. पुन्हा पंप दिला. एक वाजता शिट्टी थांबली. आम्ही एकमेकांना म्हणालो, "चला, उतरले." आजी मात्र त्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज थांबलाय, पण पोराच्या गळ्याखाली खळगा पडतोय. हे काही बरोबर नाही. चला."

आम्ही निघालो. तो गाडीत एका दमात दोन शब्दांपलीकडे बोलू शकत नव्हता. आपत्कालीन विभागात त्याला लगेच आत नेले. नंतर, पहाटे, त्याचा श्वास जरा सुधारल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समजावले : शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते. छाती एकदम शांत झाली आणि मूल दमलेलेच आहे, तर हवा पुरेशी आतबाहेर होत नाही असा अर्थ होऊ शकतो. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. अशा वेळी स्वतःच्या गाडीने यायचे नाही, ९११ला फोन करायचा. रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो, आमच्या गाडीत नव्हता.

तो दोन रात्री रुग्णालयात होता. संक्रांतीच्या कार्यक्रमाला तो का आला नाही, हे आता तुम्हाला कळले.

४. पंपाविषयी गैरसमज

पंपाची गोष्ट मुलांना आवडेल. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तिचे औषध काचेच्या नाजूक फवारणीयंत्रातून घ्यावे लागे. तिने वडिलांना विचारले, केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरत नाहीत? पुढच्याच वर्षी, १९५६ साली, मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. एका मुलीचा साधा प्रश्न! तेव्हा वर्गात प्रश्न विचारायला लाजू नका.

"पंपाची सवय लागते." नाही. चष्म्याची लागते तशी गरज असते, व्यसन नव्हे. मात्र धाप थांबवणारा पंप पूर्वीपेक्षा वरचेवर लागू लागला, तर रोग आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे.

"स्टेरॉइड म्हणजे भयंकर." रोजच्या पंपात बहुधा स्टेरॉइड असते, पण ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळ्या मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात. शिवाय पंपाचे औषध थेट नळ्यांत जाते. दुष्परिणाम अगदी नाहीत असे नाही. घशात बुरशी होऊ नये म्हणून पंपानंतर खळखळून चूळ भरावी लागते, आणि दीर्घकाळ घेतल्यास उंची साधारण एक सेंटीमीटर कमी भरू शकते. आम्ही हे त्या रात्रीशी ताडून पाहिले आणि सेंटीमीटर सोडून दिला.

"मोठ्या मुलांना नळकांडे नको." पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला स्पेसर म्हणतात. त्याशिवाय बरेच औषध घशावरच आदळते. थोरला तो मित्रांपुढे वापरायला लाजत असे. आता शाळेच्या परवानगीने त्याचा पंप त्याच्याजवळच असतो. डॉक्टरांचे आणि पालकांचे लेखी पत्र असेल तर टेक्सासच्या कायद्याप्रमाणे विद्यार्थ्याला हा हक्क आहे.

"हैदराबादला जून महिन्यात मासळीतून औषध देतात, ते एकदा घेऊन पाहा." हे आम्हाला तीन नातेवाइकांनी सांगितले. मृगाच्या सुमारास तेथे मोठी गर्दी होते हे खरे. पण ते गुणकारी असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. सांगणाऱ्यांची माया आम्ही घेतली, औषध घेतले नाही.

५. धाकटीचे वावडे

धाकटी दीड वर्षाची असताना तिने ताटातली साबुदाण्याची खिचडी चिमूटभर खाल्ली. दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली. तपासणीत शेंगदाण्याचे वावडे निघाले. मराठी घरात शेंगदाणा नाही असा डबा शोधून पाहा! खिचडीत दाण्याचे कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चटणी तर दाण्याचीच.

आमच्याकडे आता भोपळ्याच्या बिया भाजून त्यांचे कूट करतात. आजींनी पहिल्यांदा खाऊन तोंड वाकडे केले होते. आता त्या त्यात थोडे खोबरे घालतात आणि भाच्याला फोनवर कृती सांगतात. घरात शेंगदाणा येतच नाही.

तिळाचे काय? धाकटीला तीळ चालतात. डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली खायला देऊन खात्री केली. पण संक्रांतीच्या लाडूंत बहुतेक घरी दाण्याचे कूट असते, म्हणून ती दुसऱ्यांचा तिळगूळ घेत नाही. उलट काही मुलांना तिळाचेच वावडे असते. अमेरिकेत २००४च्या कायद्याने आठ पदार्थ वेष्टनावर स्पष्ट लिहिणे आवश्यक झाले. १ जानेवारी २०२३पासून तीळ हा नववा झाला. घरगुती डब्यावर मात्र काही लिहिलेले नसते. ते आपणच लिहायला हवे.

धाकटीच्या पिशवीत एपिनेफ्रिनची दोन इंजेक्शने असतात. गंभीर प्रकार म्हणजे श्वास लागणे, आवाज बसणे, जीभ सुजणे, चक्कर येणे, किंवा गांधी आणि उलट्या एकदम. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन आधी, ९११ लगेच, बाकी सर्व नंतर. खाज थांबवणारी गोळी ही त्याची जागा घेऊ शकत नाही. तिला एकदम उभे करायचे नाही, निजवून ठेवायचे; श्वास लागला असेल तर बसू द्यायचे. सरावासाठी बिनसुईचे इंजेक्शन मिळते. आजींनी ते स्वतःच्या मांडीवर चार वेळा करून पाहिले.

तान्ह्या बाळांच्या पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पूर्वी बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा असे सांगत. इस्रायलमधली बाळे लहानपणीच शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये हे वावडे इस्रायलच्या मुलांपेक्षा सुमारे दहापट असल्याचे २००८ साली दिसले. मग लंडनमध्ये इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. निष्कर्ष २०१५ साली आले. शेंगदाणा टाळलेल्यांपैकी शंभरात सुमारे १७ जणांना पाचव्या वर्षी वावडे होते, लहानपणापासून खाल्लेल्यांत सुमारे ३ जणांना. आता सल्ला बदलला आहे. मात्र ज्या बाळाला इसब फार आहे, त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि ज्याला वावडे आहेच, त्याच्यावर हा प्रयोग घरी करू नका.

६. फ्रिजवरचा मराठी तक्ता

रुग्णालयातून निघताना आम्हाला इंग्रजीत तीन रंगांचा कागद मिळाला. दिवसा आम्ही दोघे कामावर, घरी आजी. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मग त्या कागदाचा उपयोग काय? एका शनिवारी आम्ही आणि थोरल्याने मिळून त्याचे मराठी केले. त्याने आपल्या अक्षरात लिहिला, आजींना मोठ्याने वाचून दाखवला, आणि आजींनी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या.

हिरवा : खोकला नाही, झोप नीट, खेळता येते. रोजचा पंप चालूच ठेवायचा. बरे वाटते म्हणून बंद करायचा नाही.

पिवळा : खोकला, शिट्टी, रात्री जाग. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे धाप थांबवणारा पंप. आईबाबांना फोन.

लाल : बोलताना अडखळणे, गळ्याखाली किंवा बरगड्यांत खळगा पडणे, ओठ निळसर किंवा राखाडी, पंपाने उतार नाही. पंप आणि ९११. आईबाबांना फोन त्यानंतर.

रंग ठरवायला आम्ही फुंकर-मापकही वापरतो. पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकले की काटा सरकतो. स्वतःचा सर्वोत्तम आकडा १०० टक्के धरायचा. ८० टक्के आणि वर हिरवा, ५० ते ८० पिवळा, ५०च्या खाली लाल. थोरल्याचा सर्वोत्तम आकडा ३०० आहे; म्हणजे २४०च्या खाली पिवळा आणि १५०च्या खाली लाल. तो रोज सकाळी आकडा वहीत लिहितो. गेल्या जानेवारीत खोकला सुरू होण्याआधीच दोन दिवस आकडा घसरू लागला होता. आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्या वर्षी तो संक्रांतीला वर्गात होता.

घरातले बाकी बदल थोडक्यात : सीडरच्या दिवसांत खिडक्या बंद, बाहेरून आल्यावर अंघोळ आणि कपडे बदलणे, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुणे, देवापुढे उदबत्तीऐवजी समई आणि फूल, फोडणी देताना पंखा चालू. मिरचीचा ठसका आपल्याला हसू आणतो, त्याला धाप लावतो.

शेवटी एक विनंती. वर्गात डबा आणाल तेव्हा झाकणावर चिकटपट्टी लावून आत काय आहे ते मराठीत लिहा : तीळ, गूळ, दाणे, काजू, दूध. मुलांचा वाचनाचा सराव होईल, आणि एखादे मूल निर्धास्तपणे "गोड बोला" म्हणत लाडू घेईल. कोणी "नको" म्हणाले तर एकदाच विचारा, आग्रह करू नका.

स्वाध्याय

१. 'दम' या शब्दाचे चार वाक्प्रचार लिहा आणि वाक्यांत उपयोग करा.
२. एका मुलीचा फुंकर-मापकाचा सर्वोत्तम आकडा २५० आहे. आज १९० आला. रंग कोणता? तिने काय करावे?
३. 'नावड' आणि 'वावडे' यांतला फरक उदाहरण देऊन सांगा.
४. छातीतली शिट्टी थांबली तरी धोका कधी असू शकतो?
५. घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या पाच डब्यांना मराठीत चिठ्ठ्या लावा. आजी-आजोबा घरी असतील तर शुद्धलेखन त्यांच्याकडून तपासून घ्या.

उत्तरे पुढच्या अंकात.